सदतीस क्रमांकाच्या कणिका

चौदा नंबरच्या पेशंटचा कचरा अचानक वाढला, तेव्हा डॉ. प्रणिता लांजेवारला वाटलं, कमरेवरची पट्टीच बिघडली असणार.

नागपूरच्या त्या संस्थेत 'कचरा' हा रोजच्या बोलण्यातला शब्द होता. किडनी बदललेले तीस पेशंट प्रयोगात होते. प्रत्येकाच्या रक्तात काही लाख कणिका सोडलेल्या होत्या. कणिका म्हणजे तांबड्या पेशीहूनही लहान यंत्र. आजूबाजूच्या रसायनांची चव घ्यायची आणि जे कळलं ते रेडिओलहरींवरून सांगायचं, एवढंच तिचं काम. पेशंटच्या कमरेवर चिकटवलेली पट्टी ते निरोप गोळा करी आणि संस्थेकडे पाठवी. प्रत्येक कणिकेला बनवतानाच सोळा आकडी पत्ता दिलेला असे. ज्या निरोपावरचा पत्ता पेशंटच्या यादीत सापडत नसे, तो निरोप गाळणी बाजूला टाकी. तोच कचरा. गाळणी प्रणितानेच लिहिलेली होती.

एरवी दिवसाला वीस-पंचवीस निरोप कचऱ्यात जात. कुठे एखादा आकडा चुकीचा वाचला गेला, एवढंच त्याचं कारण असे. चौदा नंबरच्या पेशंटचे मात्र गेले नऊ दिवस रोज चार-चार हजार जात होते.

प्रणिताने सकाळचा चहा टेबलावर ठेवला आणि कचऱ्याची फाईल उघडली. चुकून वाचलेले पत्ते कसेही विखुरलेले असतात. हे तसे नव्हते. एक्केचाळीस पत्ते पुन्हा पुन्हा येत होते आणि सगळ्यांचे पहिले सहा आकडे एकच होते. म्हणजे एकाच वेळी, एकाच घाण्यात बनवलेल्या कणिका. पण हा घाणा आत्ताच्या प्रयोगातला नव्हता, दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या टप्प्यातला होता. तेव्हा एकसष्ट निरोगी माणसांनी स्वतःहून नावं दिली होती. तिने जुनी नोंदवही काढली. घाणा सापडला. समोर लिहिलं होतं : स्वयंसेवक क्रमांक ३७.

तिला नाव बघायची गरज नव्हती. सदतीस म्हणजे हर्षल. तिचा धाकटा भाऊ.

*

हर्षल भंडाऱ्याला वीज कंपनीत लाईनमन होता. पहिल्या टप्प्याला माणसं मिळत नव्हती. रक्तात यंत्रं सोडणार म्हटल्यावर लोक फॉर्म परत ठेवून निघून जात. एका रविवारी घरी जेवताना प्रणिता ते बोलून गेली आणि हर्षल हात धुता धुता म्हणाला, "मले टोच ना, ताई. मी अकरा हजारच्या लाईनवर चढतो रोज. तुह्या सुईले काय भेतो!"

आईने डोळे वटारले होते. प्रणिताने तिला समजावलं होतं, "नव्वद दिवसांत सगळ्या मरून जातात, आई. मग काहीच राहत नाई."

नव्वद दिवस हा आकडा प्रणिताचाच होता, आणि त्याच्यावर तिचं नाव झालं होतं. कणिकांच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि शरीर तर बहुतेक पाणीच. त्यामुळे एका कणिकेचा आवाज केसाच्या जाडीपलीकडे फारसा जात नाही. स्लॅब टाकताना घमेलं जसं हातोहात वर जातं, तसा निरोप एका कणिकेकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असा पट्टीपर्यंत पोचतो. ओळीतली दोन माणसं उठून गेली की घमेलं खालीच राहतं. कणिका रक्तातल्या साखरेवर चालत. हळूहळू त्यांच्यावर प्रथिनांचा थर चढे आणि त्या बंद पडत. रोज किती कणिकांचं उत्तर येतं, किती गप्प झाल्या, हे मोजून प्रणिताने गणित मांडलं होतं. नव्वदाव्या दिवशी एकसष्टच्या एकसष्ट माणसांतून एकही निरोप आला नाही. तिचा तो उतरता आलेख पाठ्यपुस्तकात गेला. संमतीपत्रावर वाक्य छापलं गेलं : नव्वद दिवसांनंतर शरीरात काहीही कार्यरत उरत नाही.

सुई टोचल्यानंतरच्या एकशे बाराव्या दिवशी भंडारा रोडवर ट्रकने हर्षलच्या मोटरसायकलला उडवलं. नागपूरच्या दवाखान्यात दोन दिवसांनी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. हर्षलची बायको रोशनी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिने भिंतीला टेकून उभ्या उभ्या अवयवदानाच्या कागदावर सही केली. आई ओरडली होती, "माह्या लेकराले अख्खं तरी जाऊ द्या!" त्यानंतर दीड वर्ष दोघी एका घरात राहत होत्या आणि कामापुरतंच बोलत होत्या.

त्या दिवशी दवाखान्यातल्या अवयवदान समन्वयक बाईंनी प्रणिताला विचारलं होतं, "कुठल्या प्रयोगात वगैरे होते का हे?"

"होते," प्रणिताने सांगितलं होतं. "पण त्यातलं आता काही उरलेलं नाही."

आणि आज एक्केचाळीस कणिका बोलत होत्या.

तिने डोळे मिटले. गणितात कुठे चूक झाली हे तिला पाच मिनिटांत कळलं आणि ते इतकं साधं होतं की तिला स्वतःची लाज वाटली. जिचं उत्तर येत नाही ती मेली, असं तिने धरलं होतं. पण काही कणिका रक्तातून वाहत किडनीच्या आतल्या भागात रुतून बसल्या होत्या. शेजारच्या बंद पडल्यावर त्यांचे निरोप कुणापर्यंत पोचेनासे झाले. त्या मेलेल्या नव्हत्या, एकट्या पडल्या होत्या. आता ती किडनी चौदा नंबरच्या पेशंटकडे होती; नव्या प्रयोगातल्या लाखो कणिका तिच्यातून फिरू लागल्या, तुटलेली साखळी नऊ दिवसांपूर्वी जुळली, आणि जुन्यांचं बोलणं पुन्हा ऐकू येऊ लागलं.

*

निरोप काय होते, हे तिने दुपारी वाचायला घेतलं. नव्या कणिका रक्तात फिरत. त्यांच्या मते चौदा नंबरची तब्येत उत्तम होती. जुन्या कणिका किडनीच्या आत बसलेल्या होत्या आणि त्या वेगळंच सांगत होत्या. सूज आल्यावर जी रसायनं वाढतात, ती गेले नऊ दिवस रोज थोडी थोडी वाढत होती. शरीर त्या किडनीला परकं मानायला लागलं होतं.

विभागप्रमुख डॉ. मोकाशी सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सोळा वर्षं त्यांनी या कामाला दिली होती. प्रणिताला त्यांनीच घडवलं होतं.

"पंधरा दिवस थांब," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी दिल्लीत मंजुरीची बैठक आहे. त्यानंतर आपण स्वतःच हे जाहीर करू."

"सर, पंधरा दिवसांत ती किडनी जाईल."

"पेशंटच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत. डॉक्टर बघताहेत ना त्यांना?"

"रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आहेत, सर. रक्तात कळेपर्यंत उशीर होतो, म्हणून तर आपण हे यंत्र केलं."

मोकाशी सर खिडकीकडे वळले. आवाज न चढवता म्हणाले, "प्रणिता, रागावू नकोस. तुझा भाऊ आहे म्हणून तुला ते दिसतंय. आकड्यांत आपल्याला हवं ते दिसतं, हे तूच विद्यार्थ्यांना शिकवतेस."

ते खरं असू शकत होतं. मेलेल्या माणसाचा काहीतरी अंश बोलतोय म्हटल्यावर त्यात अर्थ शोधणारी ती काही जगातली पहिली बहीण नव्हती.

म्हणून तिने स्वतःलाच अडवलं. निरोपांवरचे पत्ते पुसून टाकले. प्रत्येक पेशंटच्या निरोपांचा वेगळा ढीग केला, असे तीस ढीग उलटसुलट क्रमाने लावले आणि संगणकाला सांगितलं की कुठला ढीग कुणाचा, हे शेवटपर्यंत मला कळता कामा नये. मग दोन दिवस बसून प्रत्येक ढिगावर एकच शेरा लिहिला : सूज आहे, सूज नाही. सूज वाढते आहे असा ढीग तीसमध्ये एकच निघाला. लपवलेले नंबर उघडले तेव्हा तो चौदा नंबरचा होता.

आपण चुकलो असतो तर बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं.

त्या संध्याकाळी तिने नीती समितीला तीन पानी पत्र लिहिलं. पहिल्या पानावर पेशंटला असलेला धोका. दुसऱ्यावर नव्वद दिवसांच्या गणितातली चूक, आणि संमतीपत्रावरचं वाक्य खोटं ठरल्याची कबुली. तिसऱ्यावर चारच ओळी होत्या. स्वयंसेवक सदतीस माझा भाऊ होता. दात्याच्या घरच्यांना घेणारा कोण हे कळू नये असा कायदा आहे. मला यंत्रामुळे अर्धं कळलं आहे. बाकीचं मी शोधणार नाही.

पत्र पाठवण्याआधी एक प्रत तिने मोकाशी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "याचा परिणाम माहीत आहे ना?"

"हो, सर."

"तुझा आलेख जाईल."

"तो गेलाच आहे, सर. फक्त लोकांना अजून माहीत नाही."

*

दुसऱ्या दिवशी चौदा नंबरच्या पेशंटला दाखल करून घेतलं. किडनीचा तुकडा काढून तपासला. प्रयोगातल्या पेशंटवर उपचार करणाऱ्या डॉ. फरहाना काझी यांचा फोन तिसऱ्या दिवशी आला.

"रिजेक्शनची सुरुवात आहे. औषध चालू केलंय. वेळेत कळलं. आणखी पंधरा दिवस गेले असते तर ही किडनी माझ्या हातात राहिली नसती."

प्रणिताने विचारलं, "आणि कारण?"

"प्रणिता, मी खोटं सांगणार नाही. सुजेच्या पेशी काही ठिकाणी तुमच्या जुन्या कणिकांभोवतीच जमल्यासारख्या दिसतात. कणिकांमुळे झालं, की कणिका योगायोगाने तिथे होत्या, ते या तुकड्यावरून सांगता येत नाही. समितीचं म्हणणं आहे, जुन्या सगळ्या विझवा. दुसरी किडनी आणि लिव्हर ज्यांना मिळालं, त्यांनाही बोलावलंय."

म्हणजे धोक्याची सूचना ज्यांनी दिली, धोका कदाचित त्यांचाच होता. आणि त्या तिथे होत्या त्या प्रणितामुळे.

कणिका विझवायची सोय होती. प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या पत्त्यावर आज्ञा पाठवायची. ती पोचली की आतला एक तंतू जळून जाई आणि कणिका कायमची बंद पडे. पण आज्ञाही हातोहातच जाणार. जवळच्या आधी विझवल्या तर लांबच्यांकडे जायची वाटच तुटेल, आणि त्या पुन्हा कुणाला न कळता आत जिवंत राहतील. कोण कुणाच्या आधाराने बोलतं, याचा नकाशा काढून सगळ्यात लांबच्या कणिकेपासून सुरुवात करावी लागणार होती. तो नकाशा काढू शकेल असं माणूस एकच होतं. समितीने नाइलाजाने परवानगी दिली : प्रणिता शेजारच्या खोलीत बसेल, पेशंटचं नाव तिला सांगितलं जाणार नाही.

सोमवारी सकाळी अकराला ती दवाखान्यात यंत्रापुढे बसली. मधल्या दाराला पडदा होता. पडद्यामागे पलंगाचा करकर आवाज झाला आणि एका बाईचा आवाज आला. वयस्क, जरा घोगरा. "डॉक्टरीणबाई, आज तरी पोह्यात मीठ घालाल का थोडं?" काझी हसल्या. "थोडं म्हणजे चिमूटभरच हं, मावशी."

काझी पडद्याआडून बाहेर आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला एकदा बघायचं असेल तर... मी पाठ करून उभी राहते."

प्रणिताचं मन एकदम पुढे धावलं. एक पाऊल, आणि पडदा. तिने दोन्ही हात टेबलावर दाबून धरले.

"नको," ती म्हणाली. "त्यांनी मला बोलावलेलं नाही."

तिने पहिला पत्ता टाकला. आज्ञा गेली. चार सेकंदांनी उत्तर आलं : पोचली. मग ती कणिका गप्प झाली. दुसरा पत्ता. तिसरा. प्रत्येक वेळी ती ओठांतल्या ओठांत आकडे वाचत होती. हर्षलच्या दंडात सुई जाताना तो तिच्याकडे बघून डोळे मिचकावत होता, ते तिला मधूनच आठवे आणि ती पुन्हा आकड्यांवर येई. तासाभरात चाळीस झाल्या.

एक्केचाळिसावीचं उत्तर आलं नाही. तिने पुन्हा आज्ञा पाठवली. वीस मिनिटं थांबली, वाट बदलून दुसऱ्या नव्या कणिकांच्या मार्फत पाठवली. काहीच नाही.

काझी अहवालाचा कागद घेऊन उभ्या होत्या. "एक्केचाळीस विझल्या, असं लिहू? ही आधीच बंद पडली असेल."

"असेल. किंवा नसेलही. आज्ञा पोचलीच नसेल, किंवा पोचून उत्तर वाटेत हरवलं असेल." प्रणिता उठली. "चाळीस विझल्या लिहा. एकीचं उत्तर आलं नाही, एवढंच लिहा. आणि मावशींना दर महिन्याला तपासायला बोलवा."

मग त्या खोलीत तिला थांबवेना. जिन्याच्या वळणावर ती कठड्याला धरून उभी राहिली आणि दीड वर्षांत पहिल्यांदा हर्षलसाठी मोकळी रडली.

*

मंजुरीची बैठक रद्द झाली. प्रयोग थांबला. शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र निघालं तेव्हा त्यावर पहिली सही मोकाशी सरांची होती. प्रणिताला त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, त्यानंतरही फारसे बोलले नाहीत. एकसष्ट स्वयंसेवकांना किंवा त्यांच्या घरच्यांना संस्थेचं पत्र गेलं. पत्र पोस्टाने पोचलं तरी प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगायचं, असं प्रणिताने ठरवलं. तिने भंडाऱ्यापासून सुरुवात केली.

रोशनी वीज कंपनीच्या ऑफिसात हर्षलच्या जागी लागली होती. शनिवारी तिला सुट्टी होती. तिने पत्र दोनदा वाचलं, मग घडी न घालता मांडीवर ठेवलं. आई खाटेवर बसून सुपात वाल सोलत होती.

"ताई," रोशनी म्हणाली, "ज्याच्या अंगात हे अजून असन, त्यानं येऊन दाखवावं, असं लिवलं हाये यात. ह्यायचं तर दहन झालं. मंग आमाले काऊन पत्र?"

प्रणिता उत्तर तयार करून आली होती. नियम आहे, सगळ्यांना पाठवतात. पण ते तिच्या तोंडून निघेना. रोशनी तिच्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा बदलला. तिने तोंडावर हात ठेवला.

"नका सांगू," ती म्हणाली. "तुमची नोकरी जाईन. नका सांगू, ताई."

आईचे हात थांबले होते. तिला पत्र वाचता येत नव्हतं, पण माणसं वाचता येत होती.

"काय झालं व?" तिने विचारलं. "त्याचं काई... चालू हाये का कुठं?"

"आई, मले बोलता येत नाई त्याच्यावर. कायदा हाये."

"कोनाले देल्लं, ते नको सांगू. गाव नको सांगू." आईने सूप बाजूला सारलं. "मी एवढंच पुसून राहिली. काम करते का ते? बोलू नको. मान हालव."

प्रणिताला नीती समितीला लिहिलेल्या चार ओळी आठवल्या. मग तिने होकारार्थी मान हलवली.

आईने बराच वेळ पदराने डोळे दाबून धरले. नंतर ती रोशनीकडे वळली. "तू त्या दिवशी सही केली," ती म्हणाली, "ते बरं केलं, बाई. मले नसतं जमलं."

रोशनी उठून आईच्या पायाशी येऊन बसली, आणि आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. आधी अवघडत, मग सवयीने.

प्रणिताला तिथेच थांबता आलं असतं. पण ती आली होती ते सांगायला. तिने सगळं सांगितलं. नव्वद दिवसांची चूक, दवाखान्यात समन्वयक बाईंना दिलेलं उत्तर, कणिकांमुळेच त्या माणसाचा जीव धोक्यात आला असण्याची शक्यता. "मी हर्षलले सांगितलं होतं, काई राहत नाई म्हनून. तुले बी तेच सांगितलं, आई."

आईने ऐकून घेतलं. तिला लगेच मायेचे शब्द सुचले नाहीत आणि तिने ते शोधलेही नाहीत.

"तू खोटं नाई बोलली," ती अखेर म्हणाली. "तुलेच माहीत नव्हतं. पन माहीत नाई, असं सांगाले पायजे होतं ना, पोरी."

"हो, आई."

प्रणिता दुपारी तिथून निघाली. त्या दिवशीच्या यादीत आणखी चार घरं होती. पवनीला पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. स्वयंसेवक क्रमांक बावीस, गजानन नंदेश्वर, धान गिरणीत फोरमन होता. चाळिशीचा, दणकट माणूस. त्याने खुर्ची पुसून दिली, पत्र वाचलं, एकट्या कणिकेचा क्षीण आवाजही पकडेल अशी तिने नव्याने बनवलेली पट्टी कमरेला लावून घेतली. थोड्या वेळाने यंत्रावर सात पत्ते उमटले. त्याची बायको दाराशी उभी होती.

"मॅडम," गजाननने विचारलं, "याचा मले काई त्रास होईन का? अजून किती दिवस राहीन हे आत?"

प्रणिता त्याच्या समोर बसली. "मला माहीत नाही, भाऊ," ती म्हणाली. "आज कुणालाच माहीत नाही. कळेपर्यंत दर महिन्याला मी स्वतः येईन. चालेल का तुम्हाला?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने जरा विचार केला आणि प्रणिताला म्हणाली, "या. पन येताना खरं तेच सांगजा."